वजनाचा काटा अडतो तेव्हा



सकाळच्या प्रहरी हातपाय हलवायला बाहेर पडणारी माणसे आता आपल्या खेड्यांतूनही दिसू लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांपैकी पुष्कळांची तक्रार एकच असते : “पहिले दोन-तीन महिने वजन उतरले. आता चालणे तेवढेच आहे, घामही तेवढाच येतो. पण काटा काही जागचा हलत नाही.” मग कोणी कंटाळून चालणे सोडतो, कोणी रात्रीचे जेवण सोडतो, तर कोणी जाहिरातीतली महागडी पूड विकत आणतो. या तिन्ही वाटांनी माणूस फसतो. काटा का अडतो हे एकदा कळले, म्हणजे काय करावे हेही आपोआप कळते.

कोळगावचेच उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्याचे मुख्यालय कोळगावी उभे राहिले. एका अंगाला पालघर, दुसऱ्या अंगाला बोईसर-तारापूरचे कारखाने. वाडवडिलांचा दिवस चिखलात वाकून भाताची लावणी करण्यात, नाहीतर होडीत जाळे ओढण्यात जाई. नातवाचा दिवस खुर्चीवर जातो. येणे-जाणे मोटारसायकलवर होते. भाताचा ढीग मात्र आजोबांच्याच मापाचा राहिला! म्हणून सकाळचे चालणे हे आता औषध झाले आहे.

समजा, असेच एक गुरुजी आहेत. वजन ८० किलो. रोज चार किलोमीटर चालतात. एवढ्या चालण्याला त्यांच्या शरीराची सुमारे दोनशे कॅलरी शक्ती खर्च होते. चार महिन्यांत वजन ७४ किलोवर आले आणि तिथेच अडले. झाले काय?

पहिली गोष्ट : सुरुवातीला झरझर उतरते ती सगळी चरबी नसते. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे कमी होताच हा साठा घटतो, पाणी निघून जाते आणि काटा भरभर खाली येतो. हा वेग पुढे टिकत नाही, टिकायचाही नसतो.

दुसरी गोष्ट : रिकाम्या बैलगाडीला भरल्या गाडीइतकी ओढ लागत नाही. ७४ किलोचे शरीर तेच चार किलोमीटर कमी खर्चात चालते. बसल्या-झोपल्याचा खर्चही उतरतो. शिवाय उत्पन्न घटले की घरची कारभारीण जसा हात आखडता घेते, तसेच शरीरही करते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे भूक. अमेरिकेतील संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली याचा हिशेब मांडला. एक किलो वजन घटले की शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो. भूक मात्र रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. गुरुजींचे सहा किलो उतरले, म्हणजे पोट आता रोज सहाशे कॅलरी जादा मागते आहे. ते ती मागणी पुष्कळशी परतवून लावतात; पण इकडे एक घास, तिकडे अर्धा कप, असे करता करता जमा आणि खर्च समान होतात. तिथे काटा थांबतो. तेव्हा यात तुमचा आळस नाही आणि व्यायामही फुकट गेलेला नाही. शरीर आपली पुंजी राखते आहे, इतकेच.

मग उपासमार करावी काय? मुळीच नाही. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी स्वेच्छेने आलेल्या ३६ निरोगी तरुणांना सहा महिने जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवले होते. त्यांची शरीरे वाळली, स्नायू झडले, हालचाल मंदावली आणि मनात रात्रंदिवस अन्नाचेच विचार घोळू लागले. बंधन सुटल्यावर ते अधाशासारखे जेवले. एक वेळचे जेवण रागाने टाकणाऱ्याची गतही लहान प्रमाणात तीच होते.

आता उपायांकडे वळू. प्रथम आठवडाभर, तोंडात जे जाईल ते वहीत लिहा. मुलाच्या ताटातला उरलेला घाससुद्धा! गुरुजी दिवसातून चार कप चहा घेतात आणि दर कपात दोन चमचे साखर असते. म्हणजे चाळीस ग्रॅम साखर, १६० कॅलरी. चालण्याची बहुतेक कमाई चहातच विरघळली, नाही का? तसेच तेल. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोजचे तीस ग्रॅम झाले, म्हणजे सुमारे २७० कॅलरी. बाहेरची भजी आणि वडापाव यात धरलेलाच नाही. साखर निम्मी करा, तेलाचा डबा महिन्याऐवजी दीड महिना पुरवा. घरात कोणाला उपाशी राहावे लागणार नाही.

दुसरे, ताटाची मांडणी बदला. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात भात किंवा भाकरी, उरलेल्या पाव ताटात घट्ट वरण, उसळ, अंडे किंवा मासे. आपल्या किनाऱ्याला मासळीची वाण नाही; ती तळण्याऐवजी कालवणात खा. प्रथिनांनी पोट अधिक वेळ भरलेले राहते आणि स्नायू टिकतात. नागलीची भाकरी चांगलीच. पण चांगली म्हणून चार खाल्ल्या तर हिशेब तोच!

तिसरे, नुसत्या चालण्याला ताकदीची जोड द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम व्यायाम हवा, आणि किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम हवा. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवर हात टेकून दंड, झेपतील तेवढ्या बैठका, एवढ्याने प्रारंभ होतो. बाकीच्या दिवसभरातही, सकाळी चाललो म्हणून पाट सोडायचा नाही, असे करू नका. आणि झोप पुरती घ्या. जागरणाने भूक वाढते.

चौथे, काट्याबरोबर एक सुतळी ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोटाचा घेर मोजा आणि सुतळीला गाठ मारा. महिन्याने पुन्हा पाहा. पुष्कळदा काटा अडलेला असतो, पण गाठ आत सरकलेली असते. म्हणजे चरबी गेली, स्नायू राहिला. आपल्याकडे पुरुषांचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात.

ही गाठ का महत्त्वाची? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला किरकोळ, पण आतून चरबीचे. मधुमेह आपल्याला लवकर गाठतो त्याचे हे एक कारण. म्हणून वजन उतरो न उतरो, चालणे सोडू नका. त्याने रक्तातली साखर आणि रक्तदाब आवाक्यात राहतात, आणि गेलेले वजन परत येण्याला आळा बसतो.

थकवा फार असेल, अंगावर सूज असेल किंवा काही औषधे नेहमीची चालू असतील, तर डॉक्टरांना विचारा. थायरॉईडच्या दोषाने आणि काही औषधांनीही वजन अडते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणात फेरफार करण्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सांगणे. याज्ञिकांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळे किरकोळ होती, पण चरबी त्या मानाने राखून होती. आईच्या पोटातली उपासमार आणि पुढच्या वयातला मधुमेह यांचे असे नाते आहे. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे मुले कुपोषणाने खंगतात. तेव्हा वर्गातल्या मुलांपुढे ‘कमी खा’ असा सरसकट उपदेश करू नका. मुलांना पोटभर वरण-भाजी-अंडे मिळू द्या, मुलींना तर आवर्जून. आणि सर्वांना मैदानावर धावू द्या. सुतळीची गाठ मोठ्यांनी आपल्यापुरती पाहावी.