शिवारातल्या डब्यांचा निरोप

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "मोसंबीच्या बागेत ओलावा सांगणाऱ्या डब्या लावल्या, तर त्यांना लाईट कुठून द्यायची? हसनाबादच्या शिवारात मोटारीलाच लाईट पुरत नाही." प्रश्न नेमका आहे.

या डब्यांना तारेची लाईट लागत नाही. आत बॅटरी असते, जमिनीत सेन्सर असतो आणि निरोप पाठवायला एक छोटा रेडिओ असतो. नाशिकच्या सुला द्राक्षबागेत आयआयटी मुंबईच्या लोकांनी 'ॲग्रीसेन्स' नावानं अशा डब्यांचं जाळं लावून पाहिलं होतं.

बॅटरी खातो तो हा रेडिओ. ओलावा मोजायला त्या मानानं थोडीच लागते. शिवाय अंतर दुप्पट झालं की निरोपाला ताकद चौपट लागते, मध्ये झाडं असली तर आणखी जास्त. म्हणून लांबची डबी थेट घरापर्यंत ओरडत नाही. ती शेजारणीला सांगते, शेजारीण पुढचीला. विहिरीवरून कळशा हातोहात द्याव्यात तसं.

पण घराजवळच्या डबीचं काय होतं बघा. सगळ्यांच्या कळशा तिच्याच हातातून जातात, म्हणून ती सगळ्यांच्या आधी संपते. ती संपली की मागच्या डब्या धडधाकट असूनही मुक्या. गटातही असंच होतं ना? वही, बँक, बैठक सगळं एकीवर. ती बाळंतपणाला माहेरी गेली की हप्ते थांबले!

2000 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत वेंडी हाइन्झेलमन या बाईंनी सहकाऱ्यांबरोबर यावर एक रीत मांडली. तिचं नाव लीच. डब्यांचे गट करायचे, प्रत्येक गटाला एक प्रमुख. बाकीच्या आपापल्या पाळीला तिला माहिती देतात आणि पुन्हा रेडिओ बंद करून झोपतात. प्रमुख सगळ्यांची माहिती एकत्र करून एकच निरोप मुख्य यंत्राला पाठवते. हे काम दमवणारं, म्हणून प्रमुखपद फिरतं ठेवायचं. नंतरच्या रीतींत कोणाची बॅटरी किती शिल्लक आहे तेही पाहून प्रमुख ठरवतात. मला हे जास्त पटतं. नुसती पाळी आली म्हणून आजारी बाईवर काम टाकायचं नसतं.

तरी एखादी डबी बंद पडणारच. उंदीर वायर कुरतडतो, पाणी शिरतं. निरोप मिळाला की पुढची डबी पोच देते. पोच आली नाही, तर मागचीनं दुसरी वाट धरायची. त्यासाठी प्रत्येकीच्या टप्प्यात निदान दोन शेजारणी हव्यात. म्हणजे डब्या जास्त, खर्च जास्त. ही काटकसर मात्र करू नका.

कारण डबी गप्प झाली आणि मोबाईलवर कालचाच आकडा दिसत राहिला, तर ओल आहे असं समजून आपण ठिबक सुरूच करत नाही. उन्हाळ्यात आंबिया बहाराची फळं अशा ताणानं गळतात. मग डबी काय कामाची?

तेव्हा विकणारा दाखवायला आला की घराजवळची डबी त्याच्यासमोर बंद करायला सांगा. चहा होईपर्यंत थांबा. मग मोबाईलवर बांधाच्या टोकाच्या डबीचा आकडा बघा, आणि त्याच्याशेजारची वेळही बघा.