परच्याची खिडकी

सकाळचे साडेनऊ. इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलात परच्याच्या, म्हणजे केसपेपरच्या, खिडकीपुढची रांग दाराबाहेर आली आहे. माझ्यापुढे झाबुआकडचं एक कुटुंब. म्हाताऱ्याचा पाय फडक्यात गुंडाळलेला, सुनेच्या कडेवर पोर, मुलाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं आयुष्मान कार्ड. शेजारच्या काकू गुडघे चोळत भिंतीशी बसल्या आहेत. पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन येतो, "आई, खाजगीत दाखव, पैसे पाठवतो." काकू फोन माझ्या हातात कोंबतात. "तूच सांग रे त्याला, होळकरांचं हॉस्पिटल आहे म्हणावं!"

खिडकीत नोटा आत जातात, परचे बाहेर येतात. यात नवल वाटण्याजोगं काही नाही, पण सरकारी रुग्णालयात फी घेण्याचा हा कित्ता सगळ्या देशाने इथूनच गिरवला. 1994 मध्ये सुरतेत प्लेग आला आणि एमवायमधले उंदीर एकाएकी सगळ्यांना दिसू लागले. कलेक्टर एस. आर. मोहंतींनी रुग्ण हलवून इमारत रिकामी केली, धुऊन काढली. "ट्रकच्या ट्रक कचरा निघाला होता," काकू सांगतात. मग देखभालीला पैसा हवा म्हणून रोगी कल्याण समिती आली, फी आली. तेव्हा ते चुकलं असं मी म्हणणार नाही. पण जोड म्हणून आलेल्या पैशाकडे बोट दाखवून सरकारला हात आखडता घेता येतो. पुढे बरीच कामं ठेक्यावर गेली, उंदरांचा बंदोबस्तही. 2025 च्या ऑगस्टअखेरीस इथेच नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले. दोन्ही बाळं गेली. रुग्णालयाने जन्मजात व्याधींकडे बोट दाखवलं. ठेकेदार कंपनीला दंड झाला.

"सुटे द्या, सुटे!" मागून कोणीतरी ओरडतं.

झाबुआचा मुलगा खिडकीशी पोहोचतो, कार्ड पुढे सरकवतो. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, खाजगीतसुद्धा. बिल सरकार भरणार. दवाखाना चालवण्यापेक्षा बिल भरणं सरकारला सोपं वाटत असावं.

"ये भरती होने पर चलेगा," आतला बाबू कार्ड परत करतो. "अभी परचा बनवाओ. बीपीएल का कागज है?"

फी माफीचा तो कागद गावी राहिला आहे. मुलगा बापाच्या पायाकडे बघतो, मग बाबूकडे.

"तो भरती कर लो ना, साब."