दोन आठवड्यांची ‘मिशन यात्रा’ : भाषेची भिंत, व्हिसाच्या अटी आणि दोन शतकांचा अनुभव

मानेसर (हरियाणा) : दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते, मात्र ते दिल्लीत नसून हरियाणाच्या गुरुग्राम जिल्ह्यात आहे. एरवी हा फरक नकाशापुरता वाटतो. धार्मिक सेवाकार्यासाठी एखादा विद्यार्थ्यांचा गट येथे आला, तर मात्र तो कायद्याचा फरक ठरतो. धर्मांतराबाबत दिल्लीत स्वतंत्र कायदा नाही. हरियाणात तो २०२२ पासून आहे. अशा गटाला स्थानिक भाषा येत नसेल, तर तो काय बोलला आणि ऐकणाऱ्याला काय समजले, या दोहोंमधील अंतरालाही महत्त्व येते.

अल्पकालीन मिशन म्हणजे काय?

महाविद्यालयीन सुट्टीत काही दिवस ते काही आठवडे परप्रांतात किंवा परदेशात जाऊन शाळा बांधणे, मुलांना शिकविणे, आरोग्य शिबिरात मदत करणे किंवा धर्मप्रचार करणे, असे या यात्रांचे स्वरूप असते. अमेरिकेतील जॉर्ज वर्वर हा विद्यार्थी १९५७ मध्ये दोन मित्रांसह स्पॅनिश धर्मपुस्तिका घेऊन मेक्सिकोत गेला. त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था उभी राहिली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केली. त्यानंतर या प्रथेचा झपाट्याने विस्तार झाला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजानुसार, दरवर्षी सुमारे १६ लाख अमेरिकी प्रौढ अशा परदेश यात्रांत सहभागी होत असत.

चळवळीचा कोल्हापूरशी संबंध

विद्यार्थी आणि मिशन यांची सांगड घालणाऱ्या चळवळीचा एक धागा महाराष्ट्रात पोहोचतो. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये तेथे मिशनचे काम सुरू केले होते. प्रिन्स्टनमध्ये शिकलेल्या रॉबर्ट यांनी १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथील विद्यार्थी संमेलनात पुढाकार घेतला. तेथे जमलेल्या अडीचशेच्या आसपास विद्यार्थ्यांपैकी शंभर जणांनी परदेशी मिशनकार्याची तयारी दर्शविली. त्यातूनच १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ संघटित झाली आणि पुढील काही दशकांत हजारो पदवीधर जगभर गेले. मात्र त्यांचा संकल्प सुट्टीपुरता नव्हता, तो आयुष्यभराचा होता. आजच्या यात्रांशी तुलना करताना हा भेद महत्त्वाचा आहे.

भाषा शिकण्यासाठी किती काळ?

मराठीच्या इतिहासात या प्रश्नाची ठोस उत्तरे सापडतात. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले ते १६१६ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी. ओवीछंदातील या ग्रंथात त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ या येथील शब्दाचा आधार घेतला. बंगालमधील श्रीरामपूर येथून विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये शब्दकोश प्रसिद्ध केला. या कामात त्यांना पंडित वैजनाथ यांचे साहाय्य होते.

अमेरिकन मराठी मिशनची बीजेही विद्यार्थिदशेतच पडली. विल्यम्स महाविद्यालयातील काही विद्यार्थी १८०६ मध्ये पावसापासून बचाव करण्यासाठी गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबले असता त्यांनी परदेशी मिशनचा विचार केला, असा इतिहास सांगितला जातो. त्याच महाविद्यालयाचे पदवीधर गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये सॅम्युएल नॉट यांच्यासह मुंबईत पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परत जाण्याचा आदेश दिला होता. प्रवेशाचा प्रश्न तेव्हाही भाषेच्या आधी उभा राहिला. राहण्याची मुभा मिळाल्यावर हॉल मराठी शिकले, शाळा आणि भाषांतराच्या कामात गुंतले. १८२६ मध्ये नाशिक व त्र्यंबकेश्वरच्या दौऱ्यानंतर परतीच्या वाटेवर पटकीने त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मिशनने मराठी ‘नवा करार’ छापून पूर्ण केला.

या प्रयत्नांची फळे धर्मापुरती सीमित राहिली नाहीत. मिशनच्या छापखान्यात काम केलेले गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांनी पुढे मराठी व संस्कृत मुद्रणाचा पाया घातला. अहमदनगरहून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. धर्मांतराच्या प्रश्नावर महाराष्ट्रात तीव्र वादही झडले. परंतु ते मराठीतच झाले, कारण दोन्ही बाजूंना एकमेकांचे म्हणणे नेमके कळत होते.

आजच्या यात्रेत भाषेचे काय होते?

दोन आठवड्यांत भाषा येत नाही. त्यामुळे संपूर्ण भिस्त दुभाष्यावर राहते. मानेसरसारख्या औद्योगिक वसाहतीत एकच दुभाषी पुरेसा ठरेल, असेही नाही. मूळ गावांची बोली वेगळी, तर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा वा बंगालमधून आलेल्या कामगारांची मातृभाषा वेगळी. हिंदी ही अनेकांसाठी व्यवहाराची भाषा असते. श्रद्धा, आजार किंवा घरातील अडचण व्यक्त करण्याची भाषा ती असतेच असे नाही. ‘मदत’, ‘प्रार्थना’, ‘आशीर्वाद’ यांसारख्या साध्या शब्दांमधून बोलणाऱ्याला एक आणि ऐकणाऱ्याला दुसरेच अभिप्रेत असू शकते. पाहुणे निघून जातात. त्या गैरसमजाचे उत्तर मात्र तेथेच राहणाऱ्या दुभाष्याला आणि यजमान कुटुंबाला द्यावे लागते.

व्हिसाचे नियम काय सांगतात?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नुसार सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून सर्व व्यक्तींना धर्माचे आचरण आणि प्रसार करण्याचा अधिकार आहे. मात्र प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा अधिकार अंतर्भूत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला.

परदेशी नागरिकांना याखेरीज व्हिसाच्या अटीही लागू होतात. पर्यटक व्हिसावर चर्चला जाण्यास किंवा प्रवचन ऐकण्यास हरकत नाही. धार्मिक विचारसरणीचा प्रचार, धर्मस्थळी भाषणे आणि धार्मिक पत्रकांचे वाटप यांना परवानगी नाही. मिशनरी कार्यासाठी स्वतंत्र व्हिसाची तरतूद आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवास व परदेशी नागरिक कायद्यानुसार, व्हिसाच्या अटींचा भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परदेशस्थ मराठी कुटुंबांनीही एक बाब लक्षात घ्यायला हवी. ‘ओसीआय’ कार्ड असलेल्यांनाही मिशनरी कार्यासाठी विशेष परवानगी बंधनकारक आहे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेत तसे स्पष्ट करण्यात आले आहे.

हरियाणाचा कायदा

भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाचा प्रश्न येत नाही. राज्याचा कायदा मात्र सर्वांना समान लागू होतो. हरियाणाच्या २०२२ च्या कायद्यान्वये बळजबरी, फसवणूक, प्रलोभन किंवा विवाह यांच्या आधारे केलेले धर्मांतर हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी एक ते पाच वर्षे कारावास आणि किमान एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. अल्पवयीन, महिला, अनुसूचित जाती वा जमातीतील व्यक्तींच्या बाबतीत शिक्षा चार ते दहा वर्षे इतकी आहे. भेटवस्तू व भौतिक लाभ यांचा ‘प्रलोभन’ या व्याख्येत समावेश होतो. धर्मांतर या मार्गांनी झालेले नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आहे. त्यामुळे वह्या-पुस्तकांचे वाटप आणि प्रार्थना एकाच कार्यक्रमात झाल्यास, त्यामागील हेतूवर प्रश्न उपस्थित होऊ शकतो. विविध राज्यांच्या अशा कायद्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले आहे.

उपयोग कोणाला?

ख्रिस्ती अभ्यासकांनीही या यात्रांची चिकित्सा केली आहे. १९९८ च्या ‘मिच’ चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये झालेल्या घरबांधणीचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी केला. स्थानिक संस्था सुमारे दोन हजार डॉलरमध्ये घर बांधत होती. बाहेरून आलेल्या गटांचा प्रवासासह खर्च एका घरामागे सुमारे ३० हजार डॉलरपर्यंत जात होता. घर कोणी बांधले, यामुळे तेथील कुटुंबांच्या आयुष्यात उल्लेखनीय फरक पडल्याचे आढळले नाही.

म्हणून यात्रा निरर्थक ठरते असे नाही; तिचे उद्दिष्ट बदलावे लागते. शिकविण्यासाठी नव्हे, तर शिकण्यासाठी जाणारा विद्यार्थी भाषेच्या भिंतीपाशी अडला तरी त्याच्याकडून कोणाचे नुकसान होत नाही. योग्य व्हिसा, त्या राज्याच्या कायद्याची माहिती, मदतवाटप आणि उपासना यांची स्पष्ट फारकत आणि दुभाष्याच्या सुरक्षिततेचा आधीच केलेला विचार, ही किमान तयारी होय. भाषा मात्र घाईने येत नाही. फादर स्टीफन्स यांच्या ३७ वर्षांचा दाखला त्यासाठी पुरेसा आहे.