सुट्टीत अटक झाली तर?

शनिवारी रात्री पोलिसांनी कुणाला नेले की वस्तीत एकच बोलणे होते, "आता सोमवारपर्यंत काही होत नाही." आम्ही सांगतो, हे खरे नाही.

संविधानाच्या कलम २२ प्रमाणे अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. सुट्टी त्यातून वजा होत नाही. हे कलम सप्टेंबर १९४९ मध्ये खुद्द बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडले. म्हणूनच रविवारी, दिवाळीतही रिमांडसाठी सुट्टीचे कोर्ट असते.

घरच्यांनी हुज्जत घालू नये. अटकेची वेळ लिहून ठेवावी. अटकेचे कारण आणि माणूस कुठे ठेवला, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. मारहाण झाली असेल तर त्याने डॉक्टरांना व दंडाधिकाऱ्यांना न भिता सांगावे.

गुन्हा जामीनपात्र असेल तर ठाण्यातच जामीन होतो. नसेल, तर सुनावणीला व जामीनदाराच्या कागदांना सुट्टीमुळे दिवस जादा लागू शकतात. तेवढी तयारी ठेवावी.

मंगळसूत्र गहाण टाकून दलालाच्या हाती पैसे देऊ नका. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करा. हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. जय भीम!