हाताने बसवलेलं सॉफ्टवेअर ठेवायचं कुठे?

परवा गाइडनी साधाच प्रश्न विचारला, "हे दोन आकडे वेगळे कसे?" रेकॉर्डिंग तेच, कुंभारगावच्या काठावर पहाटे घेतलेलं. स्क्रिप्टही तीच. पण पक्ष्यांच्या हाकांची संख्या डिसेंबरात एक आली होती आणि आता दुसरीच.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. हाका वेगळ्या करणारा प्रोग्राम मी सोर्सवरून स्वतः बांधला होता आणि सरळ /यूएसआर/बिन मध्ये टाकला होता. मधे लिनक्स अपडेट केलं, त्यासोबत त्याच नावाचा प्रोग्राम असलेलं पॅकेज आलं आणि माझ्या फाइलवर त्याची फाइल बसली. मशीनने विचारलंसुद्धा नाही.

चूक माझीच. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. पण तिथे घर कोणी बांधतं का? जमीन मोकळी दिसली तरी ती धरणाची. पाणी परत येणारच. /यूएसआर/बिन तसंच पॅकेज मॅनेजरचं. तिथे काय ठेवायचं, बदलायचं, काढायचं ते तो ठरवतो. तुमच्या फाइलची त्याच्याकडे नोंदच नसते.

मग आपली जागा कोणती?

१. सगळ्या मशीनसाठी हाताने बांधलेलं सॉफ्टवेअर: /यूएसआर/लोकल. सिस्टिम अपडेटने इथल्या फाइलींना हात लावू नये, असा फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डचा नियमच आहे (2015 ची 3.0 आवृत्ती). बरेचसे प्रोग्राम 'मेक इन्स्टॉल' केल्यावर आपोआप इथेच जातात.

२. सगळा संसार एकाच फोल्डरमध्ये घेऊन येणारं तयार सॉफ्टवेअर: /ऑप्ट, आत त्याच्या नावाचं फोल्डर. नको झालं की तेवढंच फोल्डर उडवायचं.

३. लॅबच्या सर्व्हरवर रूट परवानगी नसेल तर आपली होम डिरेक्टरी, म्हणजे होममधलं .लोकल/बिन.

गंमत म्हणजे 'यूएसआर' हे नाव 'यूजर' वरून आलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये युनिक्सची पहिली डिस्क भरली, तेव्हा सिस्टिमचे प्रोग्राम यूजर्सच्या डिस्कवर सरकले. पुढे यूजर्सना /होम मिळालं आणि जुनं घर सिस्टिमकडेच राहिलं. तिथलेही विस्थापितच म्हणायचे!

एक सावधगिरी: एकाच नावाचे दोन प्रोग्राम असतील तर पाथमध्ये आधी येणारी जागा जिंकते. बहुतेक ठिकाणी /यूएसआर/लोकल/बिन आधी असतं, तरी 'व्हिच' कमांडने खात्री करा.

मी तीच जुनी आवृत्ती /यूएसआर/लोकल मध्ये पुन्हा बांधली. डिसेंबरचा आकडा जसाच्या तसा परत आला. आता प्रबंधाच्या पद्धती विभागात प्रोग्रामच्या नावापुढे आवृत्तीचा क्रमांकही आहे. तुमच्या /यूएसआर/बिन मध्ये हाताने टाकलेलं काही असेल, तर पुढच्या अपडेटआधी हलवा.