खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर : वस्तू लहान व्हायला नेमकं काय अडतं?

पीएच.डी.साठी विषय शोधणारे बरेच जण 'अमक्या गोष्टीचा इतिहास' असं एका ओळीत लिहून आणतात. मग गाईड विचारतात, "बरं, पण प्रश्न काय?" आणि गाडी तिथेच अडते. विषय आणि प्रश्न यांतला फरक व्याख्येतून फारसा कळत नाही, तो करून बघावा लागतो. म्हणून आज एक विषय घेऊ, अगदी शब्दशः छोटा: खिशात मावणारी रिव्हॉल्व्हरं. शस्त्रांची आवड असलीच पाहिजे असं काही नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात प्रश्न कसा धरायचा, हे या विषयात फार स्वच्छ दिसतं, एवढंच.

'पहिलं खिशातलं रिव्हॉल्व्हर कोणी बनवलं?' असं विचारलंत तर हाती नावांची यादी येईल. त्याऐवजी असं विचारून बघा: 'ते आणखी लहान व्हायला काय अडत होतं?' आता यादी संपते आणि कारणं सुरू होतात.

आधी तीन शब्द पक्के करून घेऊ. बोटाने ओढायचा तो चाप. मागून आपटून काडतूस पेटवतो तो घोडा. आणि गोळ्यांची घरं असलेला फिरता दंडगोल म्हणजे सिलिंडर.

पहिली अडचण : दारू भरायची कशी?

सॅम्युअल कोल्टला अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचं पेटंट मिळालं १८३६ मध्ये. खिशासाठी म्हणून वेगळी मॉडेलं त्याने सुरुवातीपासून काढली. त्यातलं १८४९ चं मॉडेल तर 'पॉकेट' याच नावाने ओळखलं जातं, आणि ती ३ लाखांहून जास्त बनली. पण थांबा. त्याचं वजन पाऊण किलोच्या आसपास होतं. म्हणजे हा 'पॉकेट' आपल्या शर्टाचा खिसा नव्हे, जाड कोटाचा खिसा. जुन्या कागदपत्रांतला ओळखीचा शब्द आजच्या अर्थाने वाचू नका, हा पहिला धडा इथेच मिळतो.

या रिव्हॉल्व्हरमध्ये तयार काडतूस नव्हतं. प्रत्येक घरात समोरून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांडीने ती दाबून बसवायची आणि मग सिलिंडरच्या मागे प्रत्येक घराच्या टोकावर एकेक टोपी चढवायची. ही टोपी म्हणजे ठिणगी पाडणारा तांब्याचा इवलासा तुकडा. आता हे सगळं निम्म्या आकारात कल्पून बघा. दांडी नाजूक होईल, टोप्या चिमटीत धरता येणार नाहीत. आकाराला खालची मर्यादा घातली होती ती माणसाच्या बोटांनी.

ही मर्यादा मोडली काडतुसाने. फ्रान्समध्ये फ्लोबेर याने १८४० च्या दशकात धातूचं एक इवलंसं काडतूस काढलं होतं. ठिणगी पाडणारा मसाला आणि गोळी, दोन्ही त्यातच. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी ती कल्पना पुढे नेली, काडतूस लांबवून त्यात दारूही घातली आणि १८५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथून आपलं 'मॉडेल नंबर १' बाजारात आणलं. सिलिंडरमध्ये सात घरं, काडतूस .२२ शॉर्ट. हा आकडा इंचाच्या शतांशात आहे. गोळीचा व्यास साधारण साडेपाच मिलिमीटर. नळी वर उचलायची, सिलिंडर काढायचं, मागून काडतुसं सरकवायची. दाबायची दांडी गेली, टोप्या गेल्या. हेच काडतूस आजही कारखान्यांतून बनतं. म्हणजे बंदूक छाटून लहान केली गेली नाही. आधी काडतूस बदललं, मग बंदुकीला लहान होता आलं.

दुसरी अडचण : एक कागद

काडतूस मागून भरायचं तर सिलिंडरची घरं आरपार पोकळ हवीत. आज ही गोष्ट सांगायचीही गरज वाटत नाही. पण ३ एप्रिल १८५५ रोजी रोलिन व्हाइट या कारागिराने नेमकी हीच कल्पना अमेरिकेत पेटंटमध्ये बांधून टाकली. त्याने मांडलेलं रिव्हॉल्व्हर वापरण्याजोगं नव्हतं, मात्र पेटंटमधला 'आरपार घरं' हा एक दावा सोन्याचा होता. स्मिथ आणि वेसन यांनी दर रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट देण्याच्या कराराने तो हक्क घेतला. नक्कल करणाऱ्यांशी कोर्टात लढायची जबाबदारी मात्र व्हाइटवर राहिली, आणि त्याचा बराच पैसा त्यातच गेला. १८६९ मध्ये मुदत संपली. वाढवून मिळावी म्हणून त्याने खटपट केली, पण त्याला सवलत देणारं विधेयक राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये सही न करता परत पाठवलं.

आता तुलना करा. युरोपात लफोशो यांची आरपार घरांची रिव्हॉल्व्हरं १८५० च्या दशकातच विकली जात होती. फ्रेंच नौदलाने तर त्यातलं एक मॉडेल १८५८ मध्ये स्वीकारलं. काळ तोच, धातुकामाची कुवत जवळपास सारखी, फरक कायद्याचा. अमेरिकेत मात्र लहान, स्वस्त, काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरांचा पूर आला तो पेटंटची मुदत संपल्यावर.

मग 'पेटंट संपलं म्हणून पूर आला' असं लिहून मोकळं व्हायचं? नाही. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं, आणि सुटे भाग यंत्रावर स्वस्तात काढण्याचं तंत्र पसरत होतं. पेटंट हे एक कारण, एकमेव नव्हे. व्हायव्हामध्ये नेमका हाच प्रश्न येतो, तेव्हा उत्तर आधीच तयार ठेवा. आणखी एक गोष्ट: या स्वस्त रिव्हॉल्व्हरांना पुस्तकांत 'सुइसाइड स्पेशल' म्हटलेलं दिसेल. ते नाव विसाव्या शतकातल्या संग्राहकांनी दिलेलं आहे. विकत घेणाऱ्याने दुकानात ते मागितलं नव्हतं.

तिसरी अडचण : भूमिती

रिव्हॉल्व्हरचा सर्वांत जाड भाग कोणता? सिलिंडर. खिशाला फुगवटा येतो तो त्याचाच. वही घ्या आणि एका वर्तुळावर समान अंतराने घरांचे मध्यबिंदू मांडा. शेजारच्या दोन बिंदूंतलं अंतर १ धरलं, तर सहा घरांसाठी त्या वर्तुळाची त्रिज्या बरोबर १ येते. सातसाठी ती १.१५ होते, पाचसाठी ०.८५. म्हणजे एकच गोळी कमी केली की सिलिंडर चांगलंच बारीक होतं. म्हणून खिशातल्या रिव्हॉल्व्हरांत पाच घरं इतक्या वेळा दिसतात. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून बनत आलेली नॉर्थ अमेरिकन आर्म्सची .२२ ची चिमुकली रिव्हॉल्व्हरंही पाच घरांचीच आहेत.

चौथी अडचण : हात लहान होत नाही

लांबी निम्मी केली की घनफळ एक अष्टमांश होतं, हे आपण शाळेत शिकलो. इथे ते आकड्यांत तपासता येतं. स्वित्झर्लंडमध्ये बनणारं 'स्विस मिनी गन' हे रिव्हॉल्व्हर जेमतेम ५.५ सेंटिमीटर लांब आणि १९.८ ग्रॅम वजनाचं आहे. त्याची गोळी २.३४ मिलिमीटर व्यासाची, वजन ०.१२८ ग्रॅम. .२२ शॉर्टची नेहमीची गोळी १.८८ ग्रॅमची. व्यासांचं गुणोत्तर सुमारे २.४, त्याचा घन सुमारे १४. वजनांचं गुणोत्तरही १४ ते १५ च्या दरम्यानच येतं. या स्विस गोळीचा वेग सेकंदाला १२२ मीटर दिला जातो. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग करून बघा, एक ज्यूलहून थोडी कमी ऊर्जा मिळेल. म्हणजे एक किलोचं वजन दहा सेंटिमीटरवरून पडावं, तितकी. पण ती सगळी ऊर्जा अडीच मिलिमीटरच्या टोकावर येते, म्हणून याला खेळणं समजायचं कारण नाही.

पोलाद लहान करता येतं, अंगठा नाही. घोडा ओढायला अंगठा लागतो, मुठीला बोटं लागतात. म्हणूनच या छोट्या रिव्हॉल्व्हरांत मुठीवर एखाददुसरंच बोट बसतं, आणि अनेकांत चापाभोवतीची कडीच काढून टाकलेली असते. नेम धरण्याचंही तसंच. पुढची आणि मागची खूण यांत ५ सेंटिमीटर अंतर असेल आणि पुढची खूण १ मिलिमीटर सरकली, तर ५ मीटरवर १० सेंटिमीटरचा फरक पडतो. अंतर १५ सेंटिमीटर असतं तर फरक साडेतीन सेंटिमीटरही झाला नसता.

पाचवी अडचण : खिसा

कमरेला टांगलेलं शस्त्र दिसतं, त्याच्याशी माणूस जपून वागतो. खिशात मात्र किल्ल्या असतात, रुमाल असतो, आणि माणूस कधी धडपडतोही. घोडा जिवंत काडतुसावर टेकलेला असताना रिव्हॉल्व्हर पडलं तर ते उडू शकतं. त्यामुळे पुढच्या डिझाइनचा बराच भाग याच एका भीतीभोवती फिरतो. स्मिथ अँड वेसनने १८८७ मध्ये घोडा आत लपवला आणि मुठीत एक पट्टी बसवली. मूठ आवळल्याशिवाय बार होत नसे. फ्रान्समध्ये सायकलस्वारांसाठी 'व्हेलोडॉग' नावाची छोटी रिव्हॉल्व्हरं निघाली. 'व्हेलो' सायकलचा, 'डॉग' मागे लागणाऱ्या कुत्र्याचा. त्यांतल्या अनेकांत घोडा झाकलेला आणि चाप घडी होणारा असे. नॉर्थ अमेरिकन आर्म्सने दोन घरांच्या मधोमध खाचा पाडल्या, घोडा तिथे टेकवून ठेवायचा. आणि अमेरिकेतल्या आयव्हर जॉन्सन कंपनीने घोडा आणि काडतूस पेटवणारी पिन यांच्यामध्ये एक पट्टी आणली, जी चाप पूर्ण ओढल्यावरच वर येते. घोड्यावर हातोडा मारला तरी बार होत नाही, अशी त्यांची जाहिरात होती. दुसऱ्या एका जाहिरातीत तर बिछान्यातल्या लहान मुलीच्या हातात हे रिव्हॉल्व्हर दाखवलं होतं.

त्या मॉडेलचं नाव 'सेफ्टी ऑटोमॅटिक'. यातलं 'ऑटोमॅटिक' म्हणजे उघडल्यावर रिकामी काडतुसं आपोआप बाहेर पडणं, आजचा अर्थ नाही. आणि 'सेफ्टी'? ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलोमधल्या प्रदर्शनात लिऑन चोल्गोशने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या याच 'सेफ्टी' रिव्हॉल्व्हरमधून. हाताला रुमाल गुंडाळला होता, आत ते लपलं होतं. आठ दिवसांनी मॅकिन्ली वारले. यंत्रात काहीच बिघडलं नव्हतं. ज्याच्या हातात ते होतं त्याच्यासाठी ते पूर्ण सुरक्षित होतं.

म्हणून पाच अडचणी झाल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि प्रबंधाचा खरा प्रश्न तोच ठरू शकतो. पेटंटं, जाहिराती, माहितीपत्रकं यांत 'सुरक्षित' हा शब्द दिसेल तिथे समासात लिहा: कोणासाठी? खिशात बाळगणाऱ्यासाठी, त्याच घरातल्या मुलासाठी, की समोर उभ्या असलेल्या माणसासाठी? पहिल्याचा विचार करताना डिझाइन करणाऱ्यांनी कमालीचं डोकं लावलेलं दिसतं. तिसऱ्याच्या बाबतीत तर लपवता येणं हाच वस्तूचा गुण होता.

तुमचा विषय शिवणयंत्र असेल, पंपसेट असेल किंवा मोबाईल, पद्धत हीच लावून बघा. वस्तू आज आहे तशी व्हायला काय काय अडत होतं, ते पाच ओळींत लिहा. प्रत्येक ओळीसमोर लिहा की याचा पुरावा कुठे मिळेल: पेटंटमध्ये, हिशेबाच्या वहीत, वस्तू मोजून, की वापरणाऱ्याशी बोलून. ज्या ओळीसमोर पुरावा सापडतो आणि तरी उत्तर सोपं वाटत नाही, ती ओळ घेऊन गाईडकडे जा.