छत्र्यांचा तंबू, डोंबाऱ्याची दोरी

कृष्णेच्या काठाकाठाने नकाशावर बोट फिरवत गेले की अंकलखोप लागते, पुढे म्हैसाळ, त्याच्याही पुढे कुरुंदवाड. अंकलखोप हे विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांचे गाव, म्हैसाळ देवल सर्कसवाल्यांचे. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे संस्थान; तिथल्या अधिपतींच्या पदरी छत्रे घोड्यांचे शिक्षक होते. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही बडी शहरे सोडून भारतीय सर्कशीची मुळे या एवढ्याशा पट्ट्यात का सापडावीत?

प्रचलित उत्तर एका गोष्टीच्या रूपात सांगितले जाते. ज्युसेप्पे कियारिनी हा इटालियन सर्कसवाला आपली रॉयल इटालियन सर्कस घेऊन मुंबईला आला. हिंदुस्थानात अशी सर्कस उभी राहायला अजून बराच काळ जावा लागेल, असे तो म्हणाला. प्रेक्षकांत बसलेल्या छत्र्यांना ते झोंबले आणि 1880 मध्ये त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. गोष्ट रंगतदार आहे, पण नुसत्या ईर्ष्येवर घोडे पोसता येत नाहीत.

खरी तयारी आधीच झालेली होती. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, लढाया संपल्या, तरी संस्थानिकांच्या पागा राहिल्या आणि घोडा फिरवणारी माणसेही राहिली. गावोगावच्या तालमींत मल्लखांब होता. म्हणजे तोल, पकड आणि उडी यांचे शिक्षण घरचेच होते. तिसरी गोष्ट सहसा कुणी हिशेबात धरत नाही. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले आणि पुढच्या काही दशकांत नाटक कंपनी नावाचे फिरते बिऱ्हाड मराठी मुलखाच्या अंगवळणी पडले. सामानाच्या पेट्या, आचारी, जाहिरातीची पत्रके, तिकिटांचा गल्ला, पुढच्या मुक्कामाची आगाऊ बोलणी, हे सारे नाटकवाल्यांनी आधीच बसवले होते. त्यात आगगाडीने लांबचे मुक्काम जवळ आणले. पागा, तालीम आणि कंपनी या तिन्ही गोष्टी छत्र्यांनी एका तंबूखाली आणल्या.

छत्र्यांचे स्वतःचे शिक्षणही नुसत्या पागेपुरते नव्हते. अश्वविद्या शिकायला ते ग्वाल्हेरला गेले आणि तिथेच हद्दू खाँ यांच्याकडे गाणेही शिकले. पुढे गुरूचे चिरंजीव रहिमत खाँ काशीत व्यसनाधीन, विपन्न अवस्थेत आढळले, तेव्हा छत्र्यांनी त्यांना आपल्याकडे आणले आणि सर्कशीबरोबर गावोगाव फिरवले. ‘भूगंधर्व’ म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेला हा गवई वाघ-घोड्यांच्या लवाजम्यात राहिला आणि 1922 मध्ये कुरुंदवाडलाच वारला. सर्कशीच्या गल्ल्यातून ग्वाल्हेर गायकीचा एक थोर आवाज सांभाळला गेला, ही नोंद संगीताच्या इतिहासात आहे, तशी सर्कशीच्या इतिहासातही हवी.

तरीही पुढचे शतक मराठी माणसाचे झाले नाही. 1880 च्या दशकाच्या अखेरीस छत्र्यांचा तंबू मलबारात तेल्लिचेरीला, म्हणजे आजच्या थलश्शेरीला लागला. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते, कळरीपयट्टू जाणणारे. सर्कशीला कसलेली मुले लागतात, हे त्यांनी हेरले आणि 1901 मध्ये चिरक्करा येथे सर्कशीचे रीतसर शिक्षण देणारी शाळा काढली. त्या शाळेतून झुल्यावरचे आणि तारेवरचे कलावंत देशभरच्या कंपन्यांत गेले. काहींनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. आपल्याकडे विद्या कंपनीत आणि कुटुंबातच राहिली. मालक खचला, की तंबूबरोबर विद्याही मोडीत निघे. पुण्यात 1902 मध्ये जन्मलेले दामू धोत्रे मामाच्या सर्कशीत वाढले, आल्फ्रेड कोर्ट या फ्रेंच शिक्षकाच्या हाताखाली तयार होऊन अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोचले आणि तिथे वाघ-बिबळ्यांच्या खेळाने गाजले. पण त्यांच्यामागून त्या वाटेने दुसऱ्याला नेणारी शाळा पुण्यात नव्हती.

या इतिहासात एक माणूस सतत तंबूबाहेर उभा दिसतो. तो म्हणजे डोंबारी. दोन बांबूंच्या कैच्यांवर दोरी ताणायची, ढोलकी वाजवायची आणि हातात आडवी काठी देऊन पोरीला दोरीवर चालवायचे, हा खेळ सर्कशीहून कितीतरी जुना. तंबूतल्या तारेवर चालणारीला टाळ्या आणि पगार, रस्त्यातल्या दोरीवर चालणारीला फेकलेली नाणी. फरक कौशल्याचा नव्हता, कनातीचा होता. कनात आली की तिकीट येते आणि तिकीट आले की खेळाला धंद्याची प्रतिष्ठा मिळते. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने तर यावर शिक्कामोर्तब केले. सार्वजनिक जागी गाणे, नाच, भविष्यकथन किंवा खेळ करून दाखवण्याच्या मिषाने पैसे घेणे, हेही त्याच्या व्याख्येत भीक मागणेच ठरले.

जत्रा मात्र दोघांनाही जागा देत आली. मार्गशीर्षातल्या माळेगावपासून चैत्रातल्या ग्रामदेवतांपर्यंत देवाच्या तिथींनीच फिरत्या करमणुकीचे वेळापत्रक ठरवले. नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी येऊन सुपारी देतात. आकाशपाळणा, ट्रकमधून येणारा तंबूतला सिनेमा आणि मौत का कुआं, सगळे एकाच वाटेचे प्रवासी. मौत का कुआं म्हणजे फळ्या जोडून उभारलेली लाकडी विहीर. मोटरसायकल वेगात असेतो चाक भिंतीवर दाबले जाते आणि घर्षण तिला धरून ठेवते. वेग उतरला की आधारही गेला. वर काठावर रेटारेटी करणारे लोक नोट पुढे धरतात आणि स्वार एक हात सोडून ती टिपतो. जत्रा संपली की विहीर उकलून ट्रकमध्ये चढते.

सर्कशीवर घाव पडले ते सर्वांना ठाऊक आहेत. 1998 च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळे, अस्वले, माकडे यांचे खेळ बंद केले आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. 2011 मध्ये बालकलावंतांबाबत न्यायालयाने तितकीच कडक भूमिका घेतली. पिंजऱ्यातले हाल आणि नेपाळच्या खेड्यांतून आणलेल्या लहान मुलींची कैद पाहता हे व्हायलाच हवे होते. त्यानंतर उरले ते माणसाचे शरीर आणि त्याला घडवणारे शिक्षण. केरळ सरकारने 2010 मध्ये थलश्शेरीत सर्कस अकादमी काढून पाहिली. तीही काही वर्षांत बंद पडली. शाळेला तंबू लागतो, तसा तंबूला शाळा लागते. दोहोंतले एक पुरत नाही.

महाराष्ट्रात मल्लखांब आज शाळांतून, स्पर्धांतून दिमाखात उभा आहे. डोंबाऱ्याच्या दोरीला तो मान मिळाला नाही. भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्या कायद्यातली कलमे दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरती रद्द केली. ज्या मुंबईचे नाव तो कायदा मिरवतो, तिथे त्या निकालाने काहीच बदलले नाही. आद्य सर्कशीचा अभिमान सांगणाऱ्या राज्याने निदान खेळ करून पोट भरणाऱ्याला भिकाऱ्यांच्या व्याख्येतून बाहेर काढावे.